कालिचाची कुरकुर

सून माहेरी जाऊन चौतीस दिवस झाले होते. पस्तिसाव्या दिवशी सकाळी एसेनकुलने निरोप आणला.

एसेनकुलची जुनी पांढरी गाडी सारीजार आणि तेरेकती या दोन गावांमध्ये रोज एक फेरी करायची. माणसं, पिठाची पोती, औषधं, निरोप, सगळं तिच्यातूनच जायचं-यायचं. एरवी तो फाटक ढकलून थेट आत यायचा आणि चहा झाल्याशिवाय हलायचा नाही. आज तो फाटकाबाहेरच उभा राहिला, तेव्हा कालिचा स्वतः उठून फाटकापाशी गेली.

"कालिचा-अपा, तुमच्या विहीणबाईंनी सांगितलंय," बुटाने चिखल उकरत तो म्हणाला. "हे माझं नाही हं, त्यांचं बोलणं आहे. त्या म्हणाल्या, आमची लेक तुम्हाला पसंत नसेल तर आम्हाला काही ती जड झालेली नाही. बाळंतपण आम्ही करू. पुढचंही आम्हीच बघू."

"पुढचंही म्हणजे काय?"

"ते मी विचारलं नाही."

"जगाच्या चौकशा करतोस, आणि नेमकं हेच विचारलं नाहीस? आणि पसंत नाही असं म्हणालं कोण?"

एसेनकुलने टोपी काढली, पुन्हा घातली. "तुम्हीच."

"मी? कधी?"

"दर रविवारी. बाजाराला जाताना. येतानासुद्धा."

"आणि तू ते तिथे जाऊन ओकलास?"

"ओकलो कुठे अपा? त्यांनी विचारलं, आमची एलनुरा कशी आहे? मी म्हटलं, तिच्या सासूबाई म्हणतात नान खालून जळतो, चहा पांढरा फटक करते, सूर्य डोक्यावर आला तरी उठत नाही. मी माझ्या पदरचं काही घातलं नाही. उलट निम्मं विसरलो."

एवढं बोलून तो गेला. कालिचा फाटकाला धरून उभी राहिली. तो खोटं बोलत नव्हता, हीच पंचाईत होती.

कालिचाच्या तोंडाचा पट्टा सगळ्या सारीजारला ठाऊक होता. पाऊस पडला तर चिखलाबद्दल, नाही पडला तर धुळीबद्दल. गाय दूध कमी देते, आणि जास्त दिलं तर पातळ देते. मेंढी जुळं व्याली तरी ही म्हणणार, आता दोघांना पाजायला हिच्या अंगात आहे काय, दोन्ही मरतील मेले. लोक हसायचे. पण गावाच्या नळाला आठवडाभर गढूळ पाणी आलं, तेव्हा हेच लोक तिच्या दाराशी आले होते. "अपा, तुम्ही ऑफिसात जा." ती गेली, दोन दिवस तिथल्या बाकावर बसून तिने अशी काही कुरकुर केली की तिसऱ्या दिवशी पाइप बदलायला माणसं आली. तिला धन्यवाद द्यायला शेजारीण आली, तर ही म्हणाली, "पाइप हलक्यातला घातलाय, वर्षभर टिकायचा नाही."

एलनुराबद्दल ती जे बोलायची त्यातलं एक अक्षर खरं नव्हतं. ती पोरगी गाईच्या आधी उठायची. तिच्या हातच्या नानसाठी सासरा, म्हातारा इमानाली, शेतातून दुपारी मुद्दाम घरी यायचा. तिला सासरी येऊन तीन वर्षं झाली होती. नवरा सेयितबेक रशियात बांधकामावर, वर्षातून एकदा येणार. तरी तिने कधी तोंड वाकडं केलं नव्हतं.

आणि म्हणूनच कालिचा बोलायची.

एकोणीस वर्षांपूर्वी तिचा थोरला मुलगा एल्चीबेक सैन्यातून परत आला होता. घरी घोडी कापली, सगळं गाव जेवायला बसलं. तेव्हाची कालिचा अशी नव्हती, हसरी होती, गाणं म्हणायची. पाहुण्यांनी मुलाचं कौतुक केलं की आईने काहीतरी उणं बोलून ते खाली ओढायचं असतं. कुठलं हो, नुसता आळशी आहे, एवढं म्हटलं तरी पुरतं. तेवढंही न म्हणता ती सगळ्यांच्या मध्ये उभी राहून म्हणाली, अशी उंची, असे खांदे, असा स्वभाव या खोऱ्यात दुसऱ्या कुणाच्या पोटी आलेला दाखवा. तिच्या सासूने खालून तिचा झगा ओढला. ती थांबली नाही. बाराव्या दिवशी एल्चीबेकचा ट्रक घाटातून नदीत गेला.

तेव्हापासून तिने चारचौघांत कशालाच चांगलं म्हटलं नव्हतं. तिच्या आजोबांचं नाव 'उकिरडा' होतं. आधीची चार भावंडं गेली म्हणून त्यांना ते नाव ठेवलं होतं, आणि ते एक्याण्णव वर्षं जगले. ही गोष्ट तिला लहानपणापासून माहीत होती, फक्त एक दिवस ती विसरली होती. आता ज्याच्यावर जीव, त्याला ती सगळ्यात जास्त नावं ठेवायची. पण एकोणीस वर्षं हे चाललं की माणसाला सवय लागते. खरी तक्रार कोणती आणि राखणीची कोणती, हे तिचं तिलाही हल्ली कळेनासं झालं होतं.

इमानाली मेंढ्यांच्या गोठ्यातून आला, तेव्हा तिने त्याला निरोप सांगितला. त्याच्या हातात नुकतं जन्मलेलं ओलं कोकरू होतं. त्याने ते शेगडीजवळ पोत्यावर ठेवलं आणि हात धुतले.

"जा आणि घेऊन ये," तो म्हणाला. "विहीणबाईंना काय पाहिजे? मुलीबद्दल दोन चांगले शब्द. बोलून टाक."

"दोन चांगले शब्द! आठवा महिना लागलाय तिला. आत्ता बोलू? आत्ता?"

"मग नको बोलू. राहू दे तिला तिथेच."

"अहो, तुम्हाला डोकं आहे की नाही? ती तिथे राहिली तर सेयितबेकला काय तोंड दाखवू? नातवाचं पहिलं रडणं दुसऱ्यांच्या घरात होणार?"

"बोललीस तरी भीती, नाही बोललीस तरी भीती," इमानाली म्हणाला. "मला मेंढ्या बघू दे. तीन अजून अडल्यात."

दुसऱ्या दिवशी ती एसेनकुलच्या गाडीत पुढे बसली. मांडीवर तळलेल्या कणकेच्या बोरसोकांनी भरलेलं फडकं, पायाशी सुकवलेल्या मांसाची पिशवी. रस्ता सगळा खड्ड्यांचा, त्यात वितळलेल्या बर्फाचं पाणी साठलेलं. कालिचा गप्प होती. मनातल्या मनात ती शब्द लावून बघत होती. मुलगी कामाची आहे. छे, हे फार झालं. मुलगी वाईट नाही. हे चालेल का? एवढ्याने विहीणबाई पाठवतील?

अर्ध्या वाटेवर एसेनकुलने तिच्याकडे तिरका डोळा केला.

"अपा, बरं नाही का?"

"का?"

"चार मोठे खड्डे गेले. तुम्ही काहीच बोलला नाहीत. मला भ्यायला होतंय."

"रस्ता बघ."

तो रस्ता बघायला लागला, पण थोड्या वेळाने पुन्हा म्हणाला, "त्या दिवशी दवाखान्यातून येतानाही अशाच गप्प होता. तुम्ही आणि एलनुरा. मी घरी जाऊन बायकोला म्हटलं, आज कालिचा-अपांचं कुणीतरी गेलेलं दिसतंय."

त्या दिवसाची आठवण कालिचाला नको होती. तालुक्याच्या दवाखान्यात इतकी गर्दी होती की एलनुराला दुपारपर्यंत भिंतीला टेकून उभं राहावं लागलं असतं. कालिचाने दारावरच्या नर्सला असं धारेवर धरलं की नर्सने हात जोडून यांना आधी आत घेतलं. तिथपर्यंत सगळं ठीक होतं. मग तपासून झाल्यावर डॉक्टरीणबाईंनी एलनुराला कपडे नीट करायला पाठवलं आणि कालिचाला एकटीला जवळ बोलावून सांगितलं, "आजी, बाळ छान मोठं आहे. मी महिनाभरात इतकं निकोप बाळ बघितलं नाही. तुमची सूनही घोड्यासारखी ठणठणीत आहे."

असं उघड, दार सताड असताना, बाहेर चाळीस बायका बसलेल्या असताना! कालिचाने तिथेच थू-थू केलं. डॉक्टरीणबाईंना ते आवडलं नाही. घरी येईपर्यंत कालिचाने ठरवलं की आता पोरीबद्दल, पोटातल्याबद्दल चकार शब्द काढायचा नाही, वाईटसुद्धा नाही. जे एवढं भरलंय ते हलवायचंच नाही. नऊ दिवस ती गप्प राहिली. दहाव्या दिवशी एलनुरा म्हणाली, चार दिवस माहेरी जाऊन येते.

तेरेकतीला विहिणीचं घर रस्त्याला लागूनच होतं. सबिरा दारात उभी होती, पांढरा रुमाल घट्ट बांधून. दोघींनी गालाला गाल लावले, कशा आहात, मेंढ्या कशा आहेत, हिवाळा कसा गेला, सगळं विचारून झालं, आणि एकीनेही दुसरीच्या डोळ्यात पाहिलं नाही. आत जाताना कालिचा उंबऱ्यातच थबकली. खाणं मांडायला अंथरलेल्या दस्तरखानाभोवती शेजारच्या दोन बायका आधीच बसल्या होत्या. साक्षीला बोलावलेल्या, हे उघड होतं. त्यातली एक तर घाऱ्या डोळ्यांची होती, बर्फाच्या पाण्यासारख्या, आणि अशांची दृष्ट लागतेच.

एलनुरा चहा ओतत होती. तिने वाकून सलाम केला आणि परत किटलीपाशी बसली. पोट चांगलंच पुढे आलं होतं. चेहरा मात्र उतरला होता, डोळ्यांखाली काळं आलं होतं. कालिचाने पटकन नजर वळवली. पहिला कप हातात आला तो अर्धाच भरलेला, म्हणजे मानाने दिलेला. साय, जर्दाळूचा मुरंबा, नान, सगळं समोर होतं. तिने नानचा तुकडा मोडून तसाच हातात धरला.

"घ्या ना, विहीणबाई," सबिरा म्हणाली. "नान आमच्या लेकीनेच केलाय. खालून जळला असेल, सांभाळून घ्या."

दोघी शेजारणी कपात बघून हसल्या.

"नाही, नाही," कालिचा म्हणाली. "चांगला... बरा आहे."

"बरा आहे! ऐकलं का ग? तीन वर्षांनी बरा झाला." सबिराने कप खाली ठेवला. "हे बघा, मी आडपडदा ठेवत नाही. माझी ही एकच मुलगी. तुमच्याकडे पाठवली तेव्हा रडले, पण म्हटलं, घर चांगलं आहे. आणि मग ड्रायव्हरच्या तोंडून ऐकते की माझी मुलगी आळशी, घाणेरडी, चहासुद्धा येत नाही. ती तोंडाने काही बोलत नाही. कुठली सून बोलते? पण पस्तीस दिवस झाले, इथे भिंतीकडे तोंड करून पडून आहे. मी विचारते काय झालं, ती म्हणते काही नाही. तुमच्या जिभेने तिला असं केलंय."

"आमच्या घरी ती नाही तर," कालिचा घाईघाईने म्हणाली, "गाय मला दूध काढू देत नाही. लाथ मारते. म्हातारा जेवत नाही. भांड्यांचा ढीग पडलाय. शेगडी माझ्याच्याने पेटत नाही, घरभर धूर..."

"हे नको," सबिराने हात वर केला. "हे तुमचं नेहमीचं. गाईचं गाऱ्हाणं मला सांगू नका. मुलीबद्दल सांगा. ती चांगली आहे की नाही? या दोघींच्या देखत एक सरळ शब्द बोला, आणि आजच घेऊन जा. नाही बोलवत, तर चहा प्या, आणि एसेनकुल चार वाजता परत निघतो."

घाऱ्या डोळ्यांची बाई पुढे वाकून बघत होती. एलनुरा किटलीच्या झाकणावर हात ठेवून बसली होती, मान खाली. कालिचाला वाटलं, आपण उंच कड्यावर उभे आहोत आणि मागून कुणीतरी हळूच ढकलतंय. बोलले तर पोटातल्याचं काय होईल? नाही बोलले तर तो आपल्या घरी येणारच नाही. तिने अंगातल्या चपानच्या, जाड अंगरख्याच्या, बाहीत हात लपवला आणि अंगठा मुठीत दाबून धरला.

"चांगली आहे," ती म्हणाली.

आणि एकदा तोंड उघडल्यावर ते मिटेना. एकोणीस वर्षं दाबून ठेवलेलं सगळं एकदम वर आलं. ती म्हणाली, अशी सून सारीजारमध्ये नाही. ती माझ्या आधी उठते, गाईच्या आधी उठते. तिच्या हातचा नान मी माझ्या आईच्या हातचासुद्धा असा खाल्ला नाही. माझे पाय दुखतात तर न सांगता पाणी गरम करून आणते. तिला कधी मोठ्याने बोलताना ऐकलं नाही. माझा मुलगा नशीबवान. मी नशीबवान. बोलता बोलता तिला घाम फुटला. आपण काय करतोय हे तिला दिसत होतं, पण ते दुसरंच कुणी करतंय असं वाटत होतं.

सबिराच्या डोळ्यांतून पाणी आलं. "बघा," ती शेजारणींना म्हणाली, "बघा ऐकलंत!" आणि उठून तिने कालिचाच्या गळ्यात हात टाकले.

तेवढ्यात किटली आडवी झाली. एलनुरा उठली होती. तिचा चेहरा पिठासारखा पांढरा पडला होता. ती एक शब्द न बोलता दार उघडून बाहेर गेली.

कालिचा गळ्यातले हात सोडवून तिच्या मागे धावली. लागली, इतक्यात दृष्ट लागली, एवढंच तिच्या डोक्यात होतं. अंगणात लाकडं फोडायचा ओंडका होता, त्याला धरून एलनुरा उभी होती.

"काय होतंय? पोटात दुखतंय? कुठे दुखतंय?"

"एने," एलनुरा म्हणाली. सासूला ती अशीच हाक मारायची. "मला आता खरं सांगा. डॉक्टरीणबाई तुम्हाला काय म्हणाल्या?"

"कोण?"

"दवाखान्यात! मला बाहेर पाठवून तुम्हाला काहीतरी सांगितलं. तुम्ही बाहेर आलात आणि गप्प. वाटेत गप्प, घरी गप्प. चहा कसा झालाय, एक शब्द नाही. एक दिवस मी मुद्दाम नान जाळला. पार कोळसा केला. तुम्ही तो चहात बुडवून खाल्लात, आणि काही बोलला नाहीत! तेव्हा मला कळलं. मरणाऱ्या माणसाशी असं वागतात. बाळात काहीतरी आहे, किंवा माझ्यात आहे."

कालिचा तोंड उघडं टाकून बघत राहिली. तो जळका नान तिला आठवला. तिला वाटलं होतं, पोरीचं लक्ष नाही, बिचारी दमली असेल.

"आणि आज तर," एलनुराला आता रडू आवरेना, "आज तुम्ही सगळ्यांसमोर माझं कौतुक केलंत. तुम्ही फक्त थोरल्या दादांचं कौतुक करता. तेही कबरीपाशी बसून."

"थांब, थांब," कालिचा म्हणाली. तिला बसायला हवं होतं, ती ओंडक्यावर बसली. आत सबिरा म्हणत होती जिभेने केलं. ही म्हणते गप्प बसल्याने केलं. आणि आता कौतुकाने त्याहून वाईट केलं. मग माणसाने तोंड घेऊन जावं कुठे? "डॉक्टरीणबाई म्हणाल्या..." तिने आजूबाजूला पाहिलं. कुंपणापलीकडे कुणी नव्हतं. तरी तिने आवाज खाली आणला. "म्हणाल्या, बाळ मोठं आहे. निकोप आहे. तू पण ठणठणीत. एवढंच. दुसरं काही नाही, माझ्या मेलेल्या मुलाची शपथ."

"एवढंच?"

"एवढंच. म्हणून तर मी गप्प बसले. इतकं चांगलं... त्याला धक्का लागू नये म्हणून."

एलनुराने डोळे पुसले. कालिचाला वाटलं, आता ती हसेल. पण तिचा चेहरा लाल होत गेला.

"पस्तीस दिवस," ती म्हणाली. "पस्तीस दिवस मी इथे पडून ते किती वेळा हललं ते मोजतेय. दोन तास हललं नाही की मी मरतेय. आणि तुम्हाला माहीत होतं!"

"मग विचारलं का नाहीस?"

"सून विचारते?"

कालिचाने स्वतः तिच्या सासूला पहिली चौदा वर्षं काही विचारलं नव्हतं.

"चल घरी," ती शेवटी म्हणाली. "तुझी आई पाठवतेय."

"मी नाही येत."

"आई पाठवतेय म्हणतेय मी!"

"आई पाठवेल हो. पण मी त्या घरात परत गप्प बसू शकत नाही, एने." आणि मग एलनुरा बोलायला लागली. आधी हळू, मग कुंपणापलीकडे ऐकू जाईल अशी. तुमच्या शेगडीचं धुराडं तीन वर्षं चोंदलंय, माझे डोळे जळतात, आणि तुम्ही म्हणता माझीच लाकडं ओली. तुमची गाय वेडी आहे. तुमचा मुलगा फोन करतो तर आधी मेंढ्यांची चौकशी करतो, मग तुमची, मग माझी, तोवर आवाज तुटतो. मला झोपायला दिलीय ती खोली उत्तरेकडची, थंडगार. आणि अख्खं गाव मला आळशी म्हणतं. नळावर बायका मला बघून एकमेकींना कोपर मारतात.

कालिचाचा हात आपोआप वर गेला होता. सासूच्या तोंडावर सून असं बोलते, हे तिने जन्मात ऐकलं नव्हतं. पण हात हवेतच राहिला. तिच्या अंगातून काहीतरी सैल होत चाललं होतं. ही पोरगी माझ्या घराला नावं ठेवतेय. शेगडीला, गाईला, मुलाला, एकेकाला घेऊन. घाऱ्या डोळ्यांच्या बाईला खिडकीतून हे सगळं ऐकू जात असेल. ऐकू दे.

"आणखी?" ती म्हणाली.

एलनुरा थांबली. "आणखी काय?"

"आणखी बोल. पोटातल्याबद्दल बोल."

एलनुरा तिच्याकडे बघत राहिली. तिला काय कळलं, किती कळलं, ते कालिचाला सांगता आलं नसतं. मग ती तशाच रागाच्या आवाजात म्हणाली, "पोटातला? नुसता गाढव आहे. लाथा झाडतो, झोपू देत नाही. डोकं तर भोपळ्याएवढं असणार. घरात एवढी माणसं, आणि हा नक्की तुमच्यावरच गेलाय."

कालिचाने डोळे मिटले आणि दुआ संपल्यावर फिरवतात तसे चेहऱ्यावरून दोन्ही हात फिरवले.

एलनुरा पाय आपटत आत निघून गेली. दार आपटलं. कालिचाला वाटलं, संपलं. कुरकुर केली तीही खरी, येत नाही म्हणाली तेही खरं. आता इमानालीला काय सांगायचं? ती ओंडक्यावर तशीच बसून राहिली. आतून सबिराचा आवाज आला, "अग आत्ताच? नान तरी बांधून देते, थांब!" आणि थोड्या वेळाने एलनुरा रुमाल बांधून, बोचकं घेऊन बाहेर आली. तिने कालिचाकडे बघितलंही नाही. सरळ फाटकाकडे चालत गेली.

चार वाजता एसेनकुल निघाला. दोघी मागे बसल्या. सबिराने खिडकीतून हात घालून दोघींच्या हातात मुरंब्याची एकेक बरणी दिली. विहिणीला आता कुठलाच राग नव्हता. तिला वाटत होतं की तिच्या एका सवालाने सगळं सरळ झालं.

गाव मागे पडल्यावर एलनुराने पुन्हा सुरू केलं. ही सीट फाटकी. गाडीत पेट्रोलचा वास. एसेनकुल-दादा खड्डे शोधून शोधून गाडी घालतात. एसेनकुलने आरशातून आधी एकीकडे, मग दुसरीकडे पाहिलं.

"अपा, तुमचं हिला लागलं की काय? मला कळेना झालंय कुठली बोलतेय."

"तू रस्ता बघ. आणि यातलं एक अक्षर तेरेकतीला नेलंस तर बघ."

नदीचा मोठा आवाज आला आणि मागे गेला. कालिचा सगळं मनात मांडून बघत होती. धुराडं खरं होतं, ते उद्याच उतरवायचं. नळावरच्या बायकांचं खरं असावं, पण त्याला ती करणार काय होती? आता जाऊन गावभर सुनेचं कौतुक करायचं? गाय वेडी, हे राखणीचं होतं की खरं?

"पोरी," ती हळूच म्हणाली, "मघाशी तू जे बोललीस, त्यातलं खरं कुठलं, आणि... दुसरं कुठलं?"

"तुम्ही निवडा," एलनुरा खिडकीबाहेर बघत म्हणाली. "मी तीन वर्षं तुमचं निवडतेच आहे."

एलनुराने कपाळ काचेला टेकवलं.

"आणि तुम्ही मला नेहमी 'पोरी' म्हणता," ती म्हणाली. हे मात्र तिने रागाने म्हटलं नाही. "मला नाव आहे."

हे कुठल्या ढिगात टाकायचं? कालिचाने ते दोन्हीकडे टाकून बघितलं. नाव घेत नव्हती ती मुद्दामच. ज्याचं नाव ती सारखं घ्यायची तो नदीत गेला होता. पण पोरीला हे कधी सांगितलं नव्हतं, आणि आता सांगावं की नाही हेही तिला ठरवता येत नव्हतं. खिडकी अर्धी उघडी राहिली होती, तिच्यातून बर्फावरचा वारा सरळ पोरीच्या छातीवर येत होता.

"एलनुरा," ती म्हणाली. नाव तोंडातून बाहेर पडल्यावर ती स्वतःच दचकली, आणि घाईघाईने पुढे बोलली, "ती खिडकी लाव. एवढीशी अक्कल नाही, आठव्या महिन्यात वारा खात बसलीय. मुलखाची बेफिकीर."

एलनुराने खिडकी लावली. ती हसली की रडली, हे कालिचाला दिसलं नाही, कारण तिने तोंड अजून काचेकडेच ठेवलं होतं. घर यायला अजून तासभर होता.